गाढवाचे पाय

‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी’ या म्हणीचा वाक्यात उपयोग आपण सर्वांनी शाळेत करून दाखवलेला आहे. पुढे आयुष्यात तलाठ्यापुढे, संस्थाचालकापुढे किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीपुढे उभे राहताना ती आठवते, आणि हरी म्हणजे आपण व गाढव म्हणजे समोरचा, अशी वाटणीही आपण मनातल्या मनात करून टाकतो. पण खरोखरीच गाढवाचे पाय धरलेला माणूस आपल्यापैकी किती जणांनी पाहिला असेल? मी बँकेच्या नोकरीतली निम्मी वर्षे खेड्यापाड्यांत काढली, गाढवांसाठी कर्जे मंजूर केली, त्यांची ‘पाहणी’ केली. तरी तो माणूस मला भेटला तो निवृत्तीनंतर, जेजुरीच्या बाजारात.

पौष पौर्णिमेला जेजुरीला गडाच्या पायथ्याशी गाढवांचा बाजार भरतो. वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, परीट, वैदू अशा नाना जमातींची मंडळी आपापली जनावरे घेऊन येतात. गावठी गाढवे असतात, तशी अंगाने थोराड काठेवाडीही असतात. सौद्याची सुरुवात तोंडापासून. गिऱ्हाईक गाढवाचा ओठ अंगठ्याने वर करतो, दात बघतो आणि दुवान की चौवान ते बोलतो. मग पाठीवर हात फिरतो, छाती पाहिली जाते, चार पावले चालवून बघतात. भंडाऱ्याने पिवळी झालेली ती गर्दी, ते ओरडणे, ती घासाघीस यांत मी तासभर हिंडलो, आणि एकाएकी माझ्या लक्षात आले की, दात पाहणारे शंभर जण आहेत, पण पाय उचलून खालून पाहणारा एकही नाही.

होता. एकच होता. गर्दीच्या कडेला, बाभळीखाली, सत्तरीचा एक म्हातारा मांडीवर गाढवाचा पुढचा पाय घेऊन उकिडवा बसला होता. शेजारी गोणपाटावर एक कानस, एक पकड आणि टोकाला आकड्यासारखी वळलेली छोटी सुरी. न्हाव्याची नराणी मोठी करावी तशी. तो गाढवाची खुरे साळत होता.

बैलाची शिंगे आपण पोळ्याला साळतो, रंगवतो. बैलाच्या खुरांना पत्री मारणारेही गावोगाव असत. गाढवाचे कौतुक करणारी गावे फार थोडी. अकोटला भोई मंडळी गाढवांचा पोळा करतात, तेवढा एक सन्माननीय अपवाद मला ठाऊक आहे. बाकी गाढवाच्या वाट्याला आपल्या भाषेत म्हणी आल्या आणि शिलालेखांत शाप आले. आणि त्या म्हणींतही पाय आले ते माणसाची लाचारी सांगण्यापुरते.

आता हे खूर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण मलाही ते साठी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हते. गाय-बैलाचे खूर दुभंगलेले असते. घोडा, गाढव, खेचर हे एकखुरी. म्हणजे असे की, हे प्राणी प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभे असतात आणि त्या बोटाच्या नखाला आपण खूर म्हणतो. आपण हाताच्या मधल्या बोटाच्या नखावर देहाचा तोल सांभाळून, पाठीवर विटांची गोणी घेऊन दिवसभर चालायचे ठरवले, तर जे होईल ते गाढव रोज करते. खुराच्या आत एक हाड असते. ते खुराच्या भिंतीला आतून जणू टांगलेले असते. दोन खतावण्या उघडून एकीची पाने दुसरीच्या पानांत सरकवावीत आणि मग त्या ओढूनही सुटू नयेत, तसे मांसाचे आणि नखाचे पातळ पापुद्रे एकमेकांत गुंतलेले असतात. सगळा भार त्या गुंतवणीवर.

हे नख वाढत असते. महिन्याला सेंटिमीटरच्या आतबाहेर. रानातल्या गाढवाला त्याची फिकीर नसते. ते कोरड्या, दगडाळ मुलखात कोसच्या कोस चालते आणि वाढलेले आपोआप झिजते. माणसाच्या हाती आलेल्या गाढवाचे दोन प्रकारे बिघडते. डांबरी रस्त्यावर अति चालले तर खूर वेडेवाकडे झिजते, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. आणि पाय बांधून ओल्या, लेंडी-मुताच्या जागी उभे राहिले तर झिजतच नाही, पुढे पुढे वाढत राहते आणि अखेर मोजडीच्या टोकासारखे वर वळते. खुराचे टोक लांबले की भार मागे टाचेवर जातो, मागच्या शिरा ताणल्या जातात, भिंत आणि तळवा यांच्यामधली पांढरी रेघ रुंदावते, तिच्यात खडे-माती शिरते, आणि मग पू. हे टाळायचे तर दर दीड-दोन महिन्यांनी कोणीतरी पाय उचलून बघायला हवे आणि वाढेल तेवढे साळून टाकायला हवे.

त्यातही खुबी अशी की, गाढव हा लहान घोडा नव्हे. त्याचे खूर घोड्यापेक्षा उभट, चिंचोळे, आणि ते तसेच असायला हवे. घोड्यावर हात बसलेला कारागीर गाढवाचे खूर घोड्याच्या मापाने तिरपे करायला गेला, की चांगल्या मनाने जनावर बिघडवतो. गाढवाचे मूळ कोरड्या मुलखातले. त्याच्या खुराचे नख पाणी लवकर धरते. राजस्थानच्या वाळूत ते फायद्याचे असेल, आपल्या पावसाळ्यात मात्र खूर भिजून मऊ पडते आणि तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाला कुजका वास येऊ लागतो. गाढवाला नाल सहसा लागत नाही. त्याला लागतो तो फक्त वेळेवर पाय धरणारा माणूस.

इथे मला माझी एक जुनी नोंद सांगायला हवी. १९८६ साल. मी नीरेकाठच्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. शेळ्या, म्हशी, शिलाई यंत्रे, बैलगाड्या अशी कर्जे आम्ही ‘टार्गेट’प्रमाणे वाटत होतो. वीटभट्टीवर माती वाहणाऱ्या एका कुटुंबाला दोन गाढवांसाठी कर्ज दिले. निम्मी-पाऊण कागदपत्रे मीच भरून घेतली. विमा उतरवला, गाढवांच्या कानांत बिल्ले ठोकले. ‘बिल्ला नाही तर दावा नाही’ हे आमचे ब्रीदवाक्य होते. जनावर मेले तर कान कापून बिल्ल्यासकट आणायचा, असा दंडक. त्यामुळे पाहणीला गेलो की आम्ही कान बघत असू. कानातला नंबर आणि फॉर्मवरचा नंबर जुळला की तारण मालमत्ता सुस्थितीत.

दुसऱ्या वर्षी हप्ते थकले. मी गेलो. कान ठीक होते. एक गाढव मात्र झोपडीमागे एक पाय सारखा पुढे टाकून उभे होते. त्याच्या पुढच्या दोन्ही खुरांची टोके वर वळली होती. ते मी पाहिले, हे नक्की. कारण आजही ते मला दिसते. पण ते पाहून माझ्या मनात काहीही आले नाही. मी टिपणीत लिहिले, ‘एक जनावर वापरात नाही. कर्जदारास वसुलीची नोटीस द्यावी.’

काही दिवसांनी तो कर्जदार शाखेत आला. काउंटरपाशी उभा राहून हळूच म्हणाला, “सायेब, मेलं असतं तर बरं झालं असतं. पैसं तरी आलं असतं.”

मला तो उद्धटपणा वाटला. खरे तर तो आमच्या विम्याचा अत्यंत बिनचूक सारांश होता. जनावर मेले तर पैसे होते, कायमचे निकामी झाले आणि तसा दाखला मिळाला तरी होते, पण खुरे वाढून लंगडत असेल तर त्याला रकाना नव्हता. त्याने ते गाढव मिळेल त्या किमतीला विकले, उरलेल्या एकावर दोघांचे ओझे घातले. ते किती टिकले ते मला कळले नाही, कारण माझी बदली झाली. बदली ही बँकेतल्या माणसाच्या सदसद्विवेकाची मोठीच सोय असते.

लंगडण्याचे कारण नुसते वाढलेले खूर होते, की आत आणखी काही, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण कोणी वेळेवर कानस चालवली असती तर निदान ते कळले असते. कानसेची किंमत त्या कर्जाच्या एका हप्त्याएवढीही नव्हती.

पुढे कादंबरीच्या निमित्ताने पेशवाईतले कागद चाळताना ‘नालबंदी’ हा शब्द वारंवार भेटू लागला. मोहिमेवर निघण्यापूर्वी सरकारातून शिलेदारांना, सरदारांना जी आगाऊ रक्कम दिली जाई, तिचे नाव नालबंदी. अर्थ उघड आहे. स्वार लढाईला न्यायचा तर आधी घोड्याच्या पायाची सोय करा, बाकी हिशेब मागाहून. ती रक्कम काही सगळी नालांवर खर्च होत नसणार. पण आगाऊ कर्जाला नाव मात्र पायावरून दिलेले. आमच्या जुन्या कारकुनांनी पतपुरवठ्याची सुरुवात खुरापासून केली होती, आणि आम्ही वाणिज्य पदवीधर कानापाशी थांबलो! हा शब्द वाचला तेव्हा मला नीरेकाठची ती दोन वळलेली खुरे आठवली, आणि तेव्हापासून मी गाढव दिसले की आधी खाली बघतो. घरच्यांना त्याची आता सवय झाली आहे.

कोणी म्हणेल, भट्टीवरच्या माणसाच्या पायात चप्पल नाही आणि तुम्ही गाढवाच्या नखांचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण ज्याच्या पायात चप्पल नाही, त्याची चूल त्या चार नखांवरच पेटते. गाढव अडले की त्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर जाते, हे भट्टीवर जाऊन पाहावे. बहुधा बाईच्या.

शिवाय गाढव सांगत नाही. घोडा दुखले की उसळतो, म्हैस वैरण सोडून हंबरते. गाढव गप्प राहते. रानात हिंस्र जनावरापुढे दुबळेपणा दाखवणे परवडत नाही, म्हणून असेल, पण वेदना झाकण्याची त्याची जुनी खोड आहे. ते लंगडायला लागते तेव्हा दुखणे पुष्कळ पुढे गेलेले असते. त्याआधी ते जरा कमी खाते, जरा जास्त वेळ आडवे पडते, चालताना मध्येच थांबते. मग आपण म्हणतो, गाढव अडेल आहे! घोडा घाबरला की पळतो, गाढव घाबरले की थांबून विचार करते, एवढाच खरा फरक. त्या विचाराला आपण हट्ट म्हणतो आणि पाठीत काठी घालतो. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही कथा आपण मुलांना सांगतो. त्या कथेत नाथांचे औदार्य आपल्याला दिसते. वाळवंटात पडलेले मुके जनावर तहानलेले आहे हे त्यांना ओळखू आले, ही त्याच्या आधीची गोष्ट मला अलीकडे मोठी वाटू लागली आहे.

कायद्याची नजर ओझ्यावर आहे. ओझेवाहू जनावरांसंबंधी १९६५ सालचे केंद्राचे नियम आहेत. गाढवाच्या पाठीवर ५० किलो, खेचराच्या पाठीवर २०० किलो, यापेक्षा जास्त नको. भट्टीवर हे आकडे कोण पाळतो, ते सोडा. आजारी, जखमी जनावराला कामाला लावणे हाही गुन्हा आहे. पण पाय आजारी पडण्याआधीचे दोन महिने कोणत्याच कायद्याला दिसत नाहीत. ते फक्त कारागिराला दिसतात.

आणि कारागीर तर जनावरांबरोबरच चालले. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती, २०१९ च्या गणनेत ती १ लाख २० हजारांवर आली. खेचरे जवळजवळ दोन लाखांवरून ८४ हजारांवर. ट्रॅक्टर आला, टेम्पो आला, कपडे धुण्याची यंत्रे घरोघरी आली. यात रडण्यासारखे काही नाही. कोणत्याही मुलाने बापाची गाढवे पुढे हाकत राहावीत असे मी म्हणणार नाही. मात्र जनावरे कमी झाली म्हणजे खुरे साळण्याचे काम त्याच प्रमाणात कमी झाले, असा हिशेब कोणी केला असेल तर तो चुकीचा आहे. कसा, ते बघा.

आता गाढविणीच्या दुधाचा बोलबाला आहे. साबणे, मलमे, काय काय निघते. गुजरातच्या हालारी गाढवांचे नाव वर्तमानपत्रांत येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या व्यवसायासाठी ५० टक्के भांडवली अनुदान मंजूर केले, मर्यादा ५० लाख रुपये. माझ्या १९८६ च्या कर्जदाराने हा आकडा ऐकला असता तर तो खाली बसला असता. चांगली गोष्ट आहे. पण गोठ्यातली दुभती गाढवीण चालत नाही. जी चालत नाही तिचे खूर झिजत नाही. वाहणाऱ्या गाढवापेक्षा बसून खाणाऱ्या गाढवाला कानस जास्त लागते. पन्नास लाखांच्या प्रकल्प अहवालात पत्र्याची शेड असेल, दूध थंड ठेवण्याचे यंत्र असेल, विमाही असेल आणि कानात बिल्लाही असेलच. दर दीड-दोन महिन्यांनी येऊन प्रत्येक जनावराचे चार पाय हातात घेणाऱ्याची मजुरी त्यात लिहिली आहे का, हे कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने विचारावे. मी त्या खुर्चीवर बसलेलो आहे. विचारायला अर्धा मिनिट लागतो.

शहरातल्या वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. तर मग उन्हाळ्यात केदारनाथला जाणाऱ्या मराठी कुटुंबांकडे बघू. गौरीकुंडापासूनची सोळाएक किलोमीटरची चढण पुष्कळ जण खेचरावर बसून जातात. फोटो काढतात, घरी पाठवतात. ती वाट दगडी, ओली, उतरताना निसरडी. तिथल्या खेचरांना नाल असतात आणि हंगामात ती एकसारखी राबत असतात. भाव ठरवण्याआधी एकदा त्याच्या पायांकडे बघा. नाल हलतो आहे का, खूर तडकले आहे का, चार पावले सारखी पडतात का. शंका आली तर दुसरे खेचर मागा. गिऱ्हाईक पाय बघू लागले की मालकही बघू लागतो. बाजाराचा हा नियम मी जेजुरीलाही पाहिला, दातांच्या बाबतीत.

त्या म्हाताऱ्याकडे वळतो. त्याने गाढवाला कशाला बांधलेले नव्हते. त्याचे जोडीदार गाढव फक्त शेजारी आणून उभे केले होते. “एकटं असलं का धरत न्हाई ते पाय,” तो म्हणाला. कानही पिळला नाही. “कान पिरगाळून पाय उचलायचा, मंग कानाला हात लावू द्यायचं न्हाई जलमभर.” मला बिल्ले ठोकताना दाबून धरलेले कान आठवले. मी गप्प बसलो.

खांद्यावरून हात खाली सरकवत त्याने गुडघ्याखाली किंचित दाबले, आणि गाढवाने पाय दिला. हो, दिला असेच म्हणायला हवे. म्हाताऱ्याने तो फार वर उचलला नाही. गाढवाची ठेवण अरुंद, पाय उंच धरला की त्याचा तोल जातो. सुरीच्या आकड्याने त्याने आतली माती काढली, दोन बोटांनी मधला भाग दाबला, आणि चक्क नाकाजवळ नेऊन वास घेतला. वास बरा निघाला असावा. मग पकडीने भिंतीची कड थोडी तोडली, कानस आडवी धरून फिरवली. नखाचा पांढरा भुसा त्याच्या धोतरावर पडत होता. मध्येच थांबून खूर डोळ्यांच्या रेषेत धरायचा आणि सुताराने फळीची कड बघावी तसे बघायचा.

“टोक अजून लांब आहे की, मामा,” मी शहाणपणा केला.

“हाय की. पर आज न्हाई काढायचं समदं. धा महिने वाढलंय, येका दिसात उतरीवलं तर चालंल कसं? महिन्यानं परत.”

“आणि पैसे?”

“गाढवाच्या पायाला कोण पैसं देतंय, सायेब? च्या पाजत्यात.” त्याची दोन्ही मुले पुण्यात होती. एक टेम्पोवर, एक सुरक्षारक्षक. हे काम कोणी शिकले आहे का, हे मी विचारले नाही. कानस, पकड आणि सुरी मुठीत बसून गुळगुळीत झाली होती, आणि मुठीची ती खूण एकाच हाताची होती.

पुढचे दोन पाय झाले. मागच्या पायाला गाढव जरा कुरकुरले. म्हाताऱ्याच्या कंबरेत उसण भरली असावी, तो अर्धवट उठून माझ्याकडे बघून म्हणाला, “धरा जरा.”

मी पिशवी खाली ठेवली आणि वाकलो. पाय वाटला होता त्यापेक्षा हलका होता, आणि ऊन. केसांना धुळीचा आणि भंडाऱ्याचा वास. गाढवाने मान वळवून हा नवा माणूस कोण ते पाहिले, एकदा पाय ओढल्यासारखे केले आणि मग त्याचा भार माझ्या तळहातावर सोडला. आजूबाजूची दोन-चार पोरे हसू लागली. त्यांतल्या एकाला ती म्हण शाळेत झालेली असावी.

“खाली धरा, आणिक खाली,” म्हातारा म्हणाला आणि त्याने कानस उचलली.